रुमालाखालची विद्या

संशोधनाच्या क्षेत्रात काम करणाऱ्या आपल्या मुलामुलींना गेल्या काही वर्षांत एका नव्या प्रकारचे पत्र येऊ लागले आहे. ते संगणकावर येते आणि अत्यंत अदबीने लिहिलेले असते. तुमचा अमुक विषयावरील शोधनिबंध आमच्या पाहण्यात आला. आमचे एक ग्राहक नेमक्या त्याच विषयाचा अभ्यास करीत आहेत. त्यांना तुमच्याशी तासभर दूरध्वनीवर बोलावयाचे आहे. तासाचा दर तुम्हीच सांगावा, असा त्याचा मजकूर. हे ग्राहक कोण, ते बहुधा सांगितलेले नसते. प्रवास करावयाचा नाही, अहवाल लिहावयाचा नाही, केवळ बोलावयाचे. दर महिन्याला तुटपुंजी शिष्यवृत्ती घेऊन प्रयोगशाळेत रात्री जागवणाऱ्या तरुणाला एका तासाच्या संभाषणासाठी शेकडो डॉलर मिळणार असतील, तर त्याने नाही का म्हणावे?

प्रश्न साधा वाटतो, पण तो साधा नाही. विद्यापीठातील संशोधक आणि जगातील बडे भांडवलदार यांच्या मधोमध आज एक स्वतंत्र व्यवसाय उभा राहिला आहे. त्याचे व्यवहार वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर येत नाहीत; आले तर ते न्यायालयाच्या निकालानिमित्तच येतात. प्रस्तुत लेखक विज्ञानाचा विद्यार्थी नव्हे. तथापि विद्या, विश्वास आणि पैसा यांचा संबंध हा केवळ वैज्ञानिकांनी विचार करण्याचा विषय नाही. ज्या समाजाच्या पैशावर विद्यापीठे चालतात, त्या समाजानेही तो समजून घेतला पाहिजे.

तासावर भाड्याने

या व्यवसायाला इंग्रजीतून आलेले नाव एक्स्पर्ट नेटवर्क असे आहे. त्यातील सर्वांत परिचित संस्था म्हणजे १९९८ साली न्यूयॉर्क येथे स्थापन झालेली गर्सन लेहरमन ग्रुप, अर्थात जीएलजी. लंडनची अल्फासाइट्स २००८ मधली. अशा अनेक संस्था आज जगभर काम करतात आणि त्यांच्या नोंदवहीत प्राध्यापक, डॉक्टर, अभियंते, निवृत्त अधिकारी अशा लाखो तज्ज्ञांची नावे आहेत.

कामाची पद्धत अशी. एखाद्या गुंतवणूक कंपनीला औषधनिर्मितीच्या एखाद्या उद्योगात पैसा घालावयाचा असतो, किंवा एखाद्या मोठ्या सल्लागार कंपनीला आठवडाभरात आपल्या अशिलासाठी बॅटरीच्या रसायनशास्त्रावर टिपण तयार करावयाचे असते. ग्रंथालयात बसून अभ्यास करण्याइतका वेळ तिच्याजवळ नसतो. ती मध्यस्थ संस्थेला कळवते. मध्यस्थाकडे नोकरी करणारी नुकतीच पदवी घेतलेली चलाख मुले शोधनिबंधांच्या सूच्या, परिषदांचे कार्यक्रम आणि नोकरीविषयक संकेतस्थळे धुंडाळून योग्य माणूस हुडकतात. त्याला चार प्रश्न विचारून त्याच्या ज्ञानाचा अंदाज घेतात, नियमावलीवर त्याची संमती घेतात आणि दोघांची दूरध्वनीवर गाठ घालून देतात. ग्राहक मध्यस्थाला जी रक्कम देतो, तिचा एक भाग तज्ज्ञाला मिळतो आणि उरलेला मध्यस्थाचा.

मध्यस्थ असणे हा गुन्हा नव्हे, हे आरंभीच स्पष्ट केले पाहिजे. ज्याला गरज आहे आणि ज्याच्याजवळ ज्ञान आहे, त्या दोघांची एकमेकांना माहिती नसते. ती करून देणारा काही सेवा करतो आणि तिचे मोल घेतो. आडत्याविना शेतमालाची बाजारपेठ चालत नाही. परंतु आडत्याच्या व्यवहाराचा आपल्याला चांगलाच अनुभव आहे. आपल्याकडच्या जुन्या पेठांत रुमालाखाली हात घालून, बोटे दाबून भाव ठरत असे. देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला भाव कळे. ज्याने तो माल रानात पिकवला, तो शेतकरी मात्र शेजारी उभा राहूनही अनभिज्ञ राही. उघड लिलावाचा आग्रह धरला गेला तो त्यामुळेच. माल विकू नये असे कोणी म्हटले नाही. रुमाल काढा, एवढेच म्हटले.

विद्येच्या या नव्या पेठेत रुमाल अद्याप तसाच आहे.

प्राध्यापक आणि कारखाना: आपला अनुभव

विद्यापीठातील माणसाने उद्योगाशी बोलूच नये, अशी सोवळी भूमिका घेण्याचे महाराष्ट्राला कारण नाही. मुंबई विद्यापीठाने १९३३ साली रासायनिक तंत्रज्ञान विभाग सुरू केला, तो मुळी गिरणगावाच्या गरजेतून. कापडाचे रसायनशास्त्र हा त्याच्या आरंभीच्या विषयांपैकी एक होता. यूडीसीटी या नावाने पिढ्यान्‌पिढ्या ओळखल्या गेलेल्या आणि आता रसायन तंत्रज्ञान संस्था म्हणून स्वतंत्र अभिमत विद्यापीठ झालेल्या त्या वास्तूत प्रा. के. वेंकटरामन यांनी रंगद्रव्यांवर काम केले. पुढे १९५७ साली ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. त्याच माटुंग्यात प्रा. मनमोहन शर्मा यांनी अध्यापन, मूलभूत संशोधन आणि उद्योगांना सल्ला ही तिन्ही कामे एकत्र चालवून दाखविली. १९९० साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले. 

या परंपरेत प्राध्यापक कारखान्यात जात असे ते दिवसाढवळ्या. विभागाला माहीत असे की आपले सर कोणत्या कंपनीच्या कोणत्या अडचणीवर काम करीत आहेत. कारखान्यातला प्रश्न प्रयोगशाळेत येई आणि त्यावर एखादा विद्यार्थी प्रबंध लिही. सल्ला एका कंपनीला मिळे, परंतु त्यातून तयार झालेला विद्यार्थी सर्व देशाचा असे. हे ज्ञान विकणेच होते, पण त्या विक्रीत लपविण्याजोगे काही नव्हते. दिल्लीच्या आयआयटीने १९९२ साली याच कामासाठी एफआयटीटी ही स्वतःची संस्था काढली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात २००७ पासून व्हेंचर सेंटर काम करीत आहे. हेही मध्यस्थच आहेत. फरक इतकाच की, त्यांच्या दारावर संस्थेची पाटी आहे आणि त्यांचा हिशेब संस्थेपुढे येतो.

तासावर चालणाऱ्या नव्या पद्धतीत संस्था गाळलेली असते. व्यवहार व्यक्तीशी, घरच्या दूरध्वनीवर, सायंकाळच्या वेळी. विद्यार्थ्याला त्यातून काही शिकावयास मिळत नाही, ग्रंथालयात त्याची एक ओळ राहत नाही. आणि मध्यस्थ ज्याची किंमत लावतो ते केवळ प्राध्यापकाचे ज्ञान नसते. त्याच्या नावामागे उभे असलेले विद्यापीठ, ज्या समित्यांवर तो बसतो त्या समित्या, ज्या रुग्णांनी त्याच्यावर भरवसा ठेवला ते रुग्ण, हे सारे त्या तासाच्या दरात न बोलता मिसळलेले असते. ज्ञान त्याचे स्वतःचे असेल. हा विश्वास मात्र त्याच्याकडे ठेव म्हणून दिलेला असतो. ठेव विकता येत नाही.

अ‍ॅन आर्बरची शोकांतिका

हा भेद सूक्ष्म वाटत असेल, तर अमेरिकेतील एक प्रकरण डोळ्यांपुढे ठेवावे. मिशिगन विद्यापीठ हे तेथील मान्यवर सार्वजनिक विद्यापीठ. अ‍ॅन आर्बर या गावी त्याचे आवार आहे. डॉ. सिडनी गिलमन हे तेथील मज्जासंस्थारोगशास्त्राचे प्रमुख म्हणून १९७७ पासून सुमारे सत्तावीस वर्षे काम केलेले, अल्झायमर रोगाच्या क्षेत्रात दबदबा असलेले प्राध्यापक. एलान आणि वायेथ या दोन औषध कंपन्या बापिन्यूझुमॅब नावाच्या औषधाची अल्झायमरच्या रुग्णांवर चाचणी घेत होत्या. रुग्णांच्या सुरक्षिततेवर देखरेख ठेवणाऱ्या समितीचे अध्यक्षपद डॉ. गिलमन यांच्याकडे होते. या चाचणीतील माहिती फुटू न देणे हा त्या पदाचा धर्मच होता.

डॉ. गिलमन यांचे नाव जीएलजीच्या नोंदवहीतही होते. तासाचा दर सुमारे हजार डॉलर. या मध्यस्थामार्फत २००६ साली त्यांचा परिचय मॅथ्यू मार्टोमा या तरुणाशी झाला. मार्टोमा हा एसएसी कॅपिटल या बलाढ्य गुंतवणूक कंपनीतील अधिकारी. त्याचे आईवडील केरळातून अमेरिकेत गेलेले. हुशार, आर्जवी आणि चिकाटीचा. दोन वर्षांत दोघांची चाळीसहून अधिक वेळा सल्लामसलत झाली. सुरक्षा समितीची बैठक झाली की मागोमाग संभाषणाची वेळ ठरे. वयोवृद्ध प्राध्यापकाला त्या तरुणात एक जिज्ञासू शिष्य दिसू लागला. शिक्षकाची ही फार जुनी दुर्बलता आहे. कोणी मनापासून विचारू लागले की, तो सांगितल्यावाचून राहत नाही. मार्टोमाला हे नेमके कळले होते.

जुलै २००८ मध्ये चाचणीचे अंतिम निष्कर्ष तयार झाले. ते २९ जुलै रोजी शिकागोच्या जागतिक परिषदेत मांडण्यासाठी डॉ. गिलमन यांचीच निवड झाली होती. निष्कर्ष निराशाजनक होते. परिषदेच्या दहा दिवस आधी, १९ जुलै रोजी मार्टोमा विमानाने अ‍ॅन आर्बरला गेला आणि प्राध्यापकांच्या कचेरीत त्यांना भेटला. त्यानंतरच्या सोमवारपासून एसएसी कॅपिटलने या दोन कंपन्यांचे भाग विकण्यास सुरुवात केली. निष्कर्ष जाहीर झाल्यावर एलानचा भाव एका दिवसात चाळीस टक्क्यांहून अधिक कोसळला. तोवर एसएसीने केवळ तोटा टाळला नव्हता. उलट बाजूचे सौदे करून नफाही मिळविला होता. दोन्ही मिळून हा आकडा सुमारे २७.५ कोटी डॉलर होता, असे सरकारी पक्षाने सांगितले. मार्टोमाला त्या वर्षी ९० लाख डॉलरहून अधिक बक्षिसी मिळाली.

प्रकरण बाहेर आले ते २०१२ च्या नोव्हेंबरात. डॉ. गिलमन यांनी सरकारशी सहकार्य करण्याचे मान्य केले, म्हणून त्यांच्यावर फौजदारी खटला झाला नाही. परंतु मिळालेले पैसे व्याजासह भरावे लागले आणि विद्यापीठातून बाहेर पडावे लागले. एसएसी कॅपिटलने २०१३ साली गुन्हा कबूल केला. दिवाणी आणि फौजदारी मिळून १८० कोटी डॉलरचा भुर्दंड भरला. मार्टोमा २०१४ च्या फेब्रुवारीत दोषी ठरला आणि सप्टेंबरमध्ये त्याला नऊ वर्षांचा कारावास झाला. वरिष्ठ न्यायालयानेही तो निर्णय कायम ठेवला. मध्यस्थ संस्थेवर मात्र कोणताही आरोप ठेवण्यात आला नाही.

या कंपनीशी केलेल्या संभाषणांबद्दल डॉ. गिलमन यांना मिळालेली एकूण रक्कम होती सुमारे १ लाख ८ हजार डॉलर. कोट्यवधींच्या त्या सौद्यात प्राध्यापकाच्या वाट्याला आले ते चिल्लर; आणि त्यासाठी अर्धशतकाची कीर्ती गेली.

नियम होते, मग बिघडले कोठे?

एका माणसाच्या पतनावरून अवघ्या व्यवसायाला दोष का द्यावा, असा आक्षेप कोणी घेईल. तो रास्त आहे. हजारो संशोधक या मार्गाने बोलतात आणि त्यांतील बहुतेक जण प्रामाणिकपणे छापील, सर्वज्ञात गोष्टीच समजावून सांगतात. गोपनीय माहिती द्यावयाची नाही, हा मध्यस्थाचा नियमही होता. तरीही घडले. प्रायमरी ग्लोबल रिसर्च या आणखी एका अमेरिकी मध्यस्थ संस्थेच्या अधिकाऱ्याला २०११ साली अशाच माहितीच्या व्यवहारात तुरुंगात जावे लागले. तेव्हा दोष केवळ एका व्यक्तीच्या मोहात नव्हे, तर व्यवहाराच्या घडणीत शोधावा लागतो.

पहिली गोष्ट म्हणजे, जे सर्वांना छापील वाचता येते, त्यासाठी कोणी तासाला हजार डॉलर देत नाही. ग्राहक पैसे मोजतो ते छापील ओळींच्या पलीकडील काहीतरी मिळेल या आशेने. कोणी ते तज्ज्ञाच्या अनुभवातून घेतो, कोणी त्याच्या सुरातून ताडतो, कोणी थेट मागतो. या तिन्हींमधली सीमारेषा संभाषणाच्या ओघात पुसट होत जाते. दुसरी गोष्ट, मध्यस्थाचा नफा संभाषणांच्या संख्येवर अवलंबून असतो. जितके तास, तितकी कमाई. एकाच ग्राहकाने एकाच तज्ज्ञाशी चाळीस वेळा बोलावे, याचे नवल वाटण्याऐवजी समाधान वाटावे, अशीच ही घडण आहे. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, ज्यांचे नुकसान होते ते या संभाषणात कोठेच नसतात. बापिन्यूझुमॅबच्या चाचणीत रुग्णांनी आपले शरीर दिले. त्यांच्या कुटुंबीयांनी, स्मृती हरपत चाललेल्या आईबापांच्या वतीने, संमतिपत्रावर सह्या केल्या. आपल्या दुखण्याची आकडेवारी कोणाच्या तरी रोखेबाजाराच्या खेळीसाठी वापरली जाईल, असे त्यांना स्वप्नातही वाटले नसेल. त्या औषधाच्या पुढील चाचण्याही २०१२ साली अयशस्वी होऊन थांबल्या. रुग्णांना काही मिळाले नाही. कमाई दुसऱ्याच कोणाची झाली.

उघड्यावरचे उदाहरण आणि दडपणाचे उदाहरण

पैसे घेणारा प्राध्यापक दरवेळी असाच घसरतो काय? नाही. अमेरिकेतच दुसरे चित्रही आहे. मोठ्या कंपन्यांच्या विलीनीकरणाचे खटले चालतात तेव्हा विद्यापीठांतील अर्थशास्त्रज्ञ साक्षीदार म्हणून उभे राहतात आणि तासाला हजार डॉलरहून अधिक घेतात. त्यांना कंपन्यांशी जोडून देणाऱ्या खास संस्था आहेत. शिकागोच्या विद्वानांनी १९७७ साली काढलेली लेक्सेकॉन ही त्यांतली जुनी. एटी अँड टी आणि टाइम वॉर्नर यांच्या विलीनीकरणाचा खटला २०१८ साली वॉशिंग्टनमध्ये चालला, तेव्हा कंपनीच्या बाजूने शिकागोचे डेनिस कार्लटन आणि सरकारच्या बाजूने बर्कलीचे कार्ल शपिरो असे दोन नामवंत प्राध्यापक एकमेकांविरुद्ध उभे होते. निकाल कंपनीच्या बाजूने लागला. या पद्धतीवरही टीका होते आणि ती अस्थानी नाही, कारण धनिकाला नामवंत विद्वान सहज मिळतो. परंतु येथे कोण कोणाकडून बोलतो हे सर्वांना ठाऊक असते, मत लेखी असते आणि उलटतपासणीत त्याच्या चिंध्या करण्याचा अधिकार समोरच्याला असतो. हा उघड लिलाव आहे. औषध कंपन्यांनी डॉक्टरांना दिलेला पैसा जाहीर करावा, असा कायदा अमेरिकेने २०१० साली केला, त्यामागेही हेच सूत्र होते.

चीनने मात्र रुमाल काढण्याऐवजी पेठेवरच पोलीस धाडले. कॅपव्हिजन या शांघायच्या मध्यस्थ संस्थेच्या अनेक शहरांतील कचेऱ्यांची २०२३ च्या मे महिन्यात झडती घेण्यात आली आणि सरकारी दूरचित्रवाणीने ती देशाला दाखविली. तज्ज्ञांना पैसे देऊन संरक्षणविषयक गुपिते परदेशी पोहोचविली जातात, असा आरोप होता. लागोपाठ, १ जुलै २०२३ पासून हेरगिरीविरोधी सुधारित कायदा अमलात आला. राष्ट्राची गुपिते तासाच्या भावाने विकली जाऊ नयेत, ही चिंता कोणत्याही देशाने करावी अशीच आहे. परंतु काय गुपित आणि काय नाही, हेच ज्या राजवटीत धूसर ठेवले जाते, तेथे प्रामाणिक संशोधकही परदेशी सहकाऱ्याशी बोलण्यास धजावत नाही. भयाने विश्वास निर्माण होत नाही, केवळ मौन निर्माण होते. तो आपला मार्ग असू शकत नाही.

आपण काय करावे?

आपल्या देशात हा प्रश्न आज तातडीचा झाला आहे, कारण संशोधनात सार्वजनिक पैसा वाढू पाहत आहे. २०२०-२१ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या जेमतेम ०.६४ टक्के इतकाच आपला संशोधनावरील खर्च होता. अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा २०२३ साली झाला. संशोधन, विकास आणि नवोन्मेषासाठी एक लाख कोटी रुपयांच्या योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने १ जुलै २०२५ रोजी मान्यता दिली. विद्यापीठ आणि उद्योग यांना जवळ आणणे हा या साऱ्याचा घोषित हेतू आहे. हेतू उत्तमच आहे. परंतु दोन खोल्यांमधली भिंत पाडली की, मधल्या दारावर कोण बसतो तेही पाहावे लागते.

हळदीच्या पेटंटची कथा आपण अभिमानाने सांगतो. मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणावर १९९५ साली अमेरिकेने पेटंट दिले, डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरने त्याला आव्हान दिले आणि १९९७ साली ते रद्द झाले. परंतु ते कशाच्या बळावर रद्द झाले, हे लक्षात घ्यावे. घराघरांत आजी हळद लावत असे, या आठवणीने ते झाले नाही. जुन्या संस्कृत ग्रंथांतील उल्लेख आणि भारतीय वैद्यकीय नियतकालिकात १९५३ साली छापलेला निबंध पुरावा म्हणून मांडता आला, म्हणून झाले. जे लिहिलेले, नोंदलेले आणि उघड होते, ते समाजाचे राहिले. जे केवळ कानात सांगितले जाते, त्यावर समाजाला हक्क सांगता येत नाही. दूरध्वनीवरच्या तासाची हीच खरी अडचण आहे. त्याची नोंद समाजाकडे राहत नाही.

म्हणून काही गोष्टींचा आग्रह धरला पाहिजे. आयआयटी आणि सीएसआयआरच्या प्रयोगशाळांत सल्लाकार्याचे नियम आहेत; परंतु ते मुख्यतः कारखान्याशी होणाऱ्या रीतसर करारांना डोळ्यांपुढे ठेवून केलेले. परक्या मध्यस्थामार्फत होणारे तासाभराचे संभाषणही संस्थेकडे आधी नोंदविले गेले पाहिजे, ग्राहकाच्या नावासह. ग्राहकाचे नाव मिळत नसेल, तर संभाषण होऊ नये. प्रत्येक सार्वजनिक संस्थेने आपल्या अध्यापकांनी कोणाला सल्ला दिला, याची वार्षिक यादी प्रसिद्ध करावी. औषधचाचणीच्या, निविदांच्या किंवा शासकीय धोरणाच्या समितीवर असलेल्या व्यक्तीने त्या विषयावर, निष्कर्ष जाहीर होईपर्यंत, अशा कोणत्याही मध्यस्थाशी बोलू नये. आणि मिळालेल्या मानधनातील काही वाटा प्रयोगशाळेला व विद्यार्थ्यांना मिळावा. सेबीच्या २०१५ च्या नियमांनुसार, भावावर परिणाम करणारी अप्रकाशित माहिती ज्याच्याजवळ आहे, तो आतला माणूस ठरतो. मग तो कंपनीत नोकरीला असो वा नसो. आपल्या किती प्राध्यापकांना हे ठाऊक आहे?

आणखी एक मुद्दा न्यायाचा आहे. तासाला हजार डॉलर न्यूयॉर्कची गुंतवणूक कंपनी देऊ शकते. कोल्हापूरच्या ओतशाळेचा मालक, इचलकरंजीचा यंत्रमागधारक, सांगलीचा हळद व्यापारी हे देऊ शकत नाहीत. त्यांनाही प्रश्न आहेत. वाळूचा, रंगाचा, बुरशीचा. ज्ञानाचे मोल केवळ बाजार ठरवू लागला, तर जनतेच्या करातून शिकलेला संशोधक परदेशी भांडवलाला सहज उपलब्ध होईल आणि शेजारच्या तालुक्यातील उद्योजकाला त्याचे दारही सापडणार नाही. म्हणून आपल्या विद्यापीठांनी स्वतःचे मध्यस्थ उभे केले पाहिजेत. ज्यांचा दर फळ्यावर लिहिलेला आहे आणि जे लहान उद्योगाला कमी दरात दाराशी घेतात, असे. एफआयटीटी आणि व्हेंचर सेंटर यांनी हे होऊ शकते, एवढे दाखविले आहे. प्रत्येक जिल्ह्याच्या विद्यापीठाला ते का जमू नये?

वाचकहो, शासन नियम करील तेव्हा करील. घराघरांत करण्याजोगी गोष्ट आजच करता येते. आपला मुलगा पुण्यात पीएच.डी. करीत असेल, मुलगी बोस्टनला संशोधन करीत असेल आणि तिला तसे अदबशीर पत्र आले असेल, तर तिला हिणवू नका आणि घाबरवूही नका. कष्टाने मिळविलेल्या ज्ञानाचे मोल घेण्यात कमीपणा नाही. फक्त तिला तीन प्रश्न स्वतःला विचारण्यास सांगा. माझ्याशी कोण बोलणार आहे, हे मला माहीत आहे काय? जे सांगणार आहे ते मी उद्या वर्गात, साऱ्यांसमोर सांगू शकेन काय? आणि ते ज्यांच्या विश्वासातून मला कळले, त्या रुग्णांना, सहकाऱ्यांना, मार्गदर्शकांना हे संभाषण ऐकवले तर मला संकोच वाटेल काय? तिन्ही उत्तरे स्वच्छ असतील, तर तिने खुशाल बोलावे आणि ताठ मानेने मानधन घ्यावे. एकही उत्तर अडखळत असेल, तर पत्र तसेच बाजूला ठेवावे.

मिशिगनच्या त्या वृद्ध प्राध्यापकाला यांतील एकही प्रश्न कठीण नव्हता. ते कोणी वेळेवर विचारले नाहीत, त्यांनी स्वतःलाही विचारले नाहीत आणि ज्याच्या नोंदवहीत त्यांचे नाव होते, त्याला विचारण्याचे कारण नव्हते. आपल्या मुलांना ते विचारणारे कोणी असावे, आणि ते घरातलेच असावे, हे बरे.